दंतपुनर्स्थापन

दंतपुनर्स्थापन म्हणजे किडलेल्या, झिजलेल्या, तुटलेल्या किंवा पडून गेलेल्या दातांचा आकार आणि त्यांचे कार्य कृत्रिम साधनांनी परत मिळवून देणारी दंतवैद्यकातील उपचारपद्धती होय. दात भरणे, दातामुळाचा उपचार (रूट कॅनाल), कॅप बसवणे, ब्रिज, कवळी आणि दंतरोपण (इम्प्लांट) हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. यांपैकी पहिले तीन उपचार तोंडात असलेला दात वाचवण्यासाठी केले जातात, तर उरलेले तीन गेलेल्या दाताची जागा भरून काढतात. दात वाचवता येत असेल तर तो काढू नये, हे आधुनिक दंतवैद्यकाचे पहिले सूत्र आहे. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत ठणकणाऱ्या दातावर बहुतेकांना एकच उपाय ठाऊक होता, आणि तो म्हणजे दात उपटणे.

दाताची रचना

हाड मोडले तर ते सांधते, कातडी कापली गेली तर जखम भरून येते. दाताचे तसे नसते. दाताचा बाहेरचा पांढरा थर म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल. हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. हे दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येताच नष्ट होतात. त्यामुळे एकदा पडलेले भोक शरीराला बुजवता येत नाही. पुनर्स्थापनाची सारी गरज या एका वस्तुस्थितीतून निर्माण होते.

दंतवल्काच्या आत दंतिन (डेंटिन) हा किंचित पिवळसर आणि तुलनेने मऊ थर असतो. त्यातून अतिसूक्ष्म नलिका आतपर्यंत गेलेल्या असतात. थंड पाणी किंवा आंबट पदार्थ लागताच येणारी कळ या नलिकांमधील द्रवाच्या हालचालीमुळे जाणवते. सर्वांत आत पल्प हा मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो, आणि मूळ व जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पडदा असतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसून या तंतूंवर जणू झुल्यासारखा टांगलेला असतो. भातातला बारीक खडाही दाताखाली लगेच कळतो, तो या तंतूंमधील संवेदनेमुळे. पुढे दंतरोपणाचा विचार करताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

दुधाचे दात २० आणि कायमचे दात ३२ असतात. अक्कलदाढा न आल्यास कायमच्या दातांची संख्या २८ राहते. पहिली कायमची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे येत असल्याने आणि तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच दाढ समजतात. ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते आणि आयुष्यभर साथ देणारी दाढ दहाव्या-बाराव्या वर्षीच गमावली जाते.

दात का बिघडतात

दातांवर सतत जमणाऱ्या चिकट थरात असंख्य जिवाणू असतात. त्यांतील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि इतर काही जिवाणू साखरेचे आम्लात रूपांतर करतात. दातालगतच्या आम्लतेचा निर्देशांक सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते व काही खनिजे परत बसवते, परंतु त्यासाठी तिला वेळ मिळावा लागतो. म्हणूनच दिवसभरात किती गोड खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले ही बाब अधिक निर्णायक असते. जेवणाबरोबर खाल्लेल्या श्रीखंडापेक्षा दर तासाला घेतलेला गोड चहाचा घोट दातांना जास्त घातक ठरतो. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात किडतात, त्याचेही कारण हेच आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध दातांभोवती साचून राहते.

सुरुवातीची कीड म्हणजे दंतवल्कावरचा खडूसारखा पांढुरका डाग असतो. या टप्प्यावर भोक पडलेले नसल्याने फ्लोराइड आणि स्वच्छता यांच्या साह्याने तो थोपवता येतो. कीड दंतिनात पोहोचली की ती वेगाने पसरते. वरून सुईच्या टोकाएवढे दिसणारे भोक आत मोठी पोकळी दडवून असू शकते.

मराठीत ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगामागे फार जुनी समजूत आहे. दातात किडा शिरून तो दात पोखरतो अशी कल्पना प्राचीन मेसोपोटेमिया, चीन, युरोप आणि भारत येथे सर्वत्र आढळते. सुश्रुतसंहितेतील दंतरोगांत ‘कृमिदंतक’ हा एक रोग सांगितलेला आहे. फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कल्पना अमान्य केली आणि किडीचा संबंध साखरेशी जोडला. आळी नसून जिवाणू असतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. तरीही विशिष्ट वनस्पतीची धुरी देऊन कानातून किंवा दातातून ‘किडा पाडून’ दाखवणारे आजही भेटतात. पडतो तो किडा नसून बहुधा बियांचा अंकुर किंवा आधीच लपवून ठेवलेली आळी असते, आणि या प्रकारात गेलेल्या दिवसांत खरी कीड आणखी खोल जाते.

किडीखेरीज अपघात, झोपेत दात खाण्याची सवय, दाब देऊन आडवे ब्रश घासणे, आम्लपित्तामुळे तोंडात येणारे आम्ल आणि हिरड्यांचे रोग यांमुळेही दात बिघडतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावण्याची सवय आढळते. ती दात घासण्याचे साधन मानली जात असली तरी प्रत्यक्षात ते तंबाखूचे व्यसनच असते. तिने हिरड्या मागे सरकतात, दात झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चंद्रपूर, यवतमाळ यांसारख्या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने लहानपणापासून ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. योग्य प्रमाणात दात राखणारे फ्लोराइड अधिक झाल्यास असा अपाय करते.

इतिहास

दातावर उपचार करण्याचा मानवाचा प्रयत्न शेतीइतकाच जुना आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या एकूण ११ दाढांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली नेटकी छिद्रे सापडली. त्यांचा काळ आजपासून सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा आहे. छिद्रांच्या कडा चावण्याने गुळगुळीत झालेल्या असल्याने ती माणूस जिवंत असताना पाडली गेली हे निश्चित होते. मणी भोसकणाऱ्या कारागिरांचे कौशल्य येथे दातांसाठी वापरले गेले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे. स्लोव्हेनियातील एका गुहेत सापडलेल्या सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या जबड्यातील सुळ्याच्या भेगेवर मधमाशांचे मेण भरलेले आढळले. इटलीतील एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्ट्यांत कृत्रिम दात अडकवून शेजारच्या दातांना बांधत असत. आजच्या ब्रिजचे ते पूर्वरूप मानता येईल.

कृत्रिम दातांचा इतिहास अनेक ठिकाणी अस्वस्थ करणारा आहे. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांच्या कवळ्या हस्तिदंत किंवा पाणघोड्याच्या दातांपासून कोरल्या जात आणि त्यांत खरे मानवी दात बसवले जात. असे दात गरिबांकडून विकत घेतले जात किंवा प्रेतांच्या तोंडातून काढले जात. १८१५ मधील वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात इतक्या मोठ्या प्रमाणावर बाजारात आले की मानवी दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडात १७८९ मध्ये पदग्रहणाच्या वेळी स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही प्रसिद्ध गोष्ट खरी नाही. ती पाणघोड्याचे दात, मानवी दात आणि धातू यांची बनलेली होती. लाकडी कवळी खरोखर बनली ती जपानमध्ये. १५३८ मध्ये मृत्यू पावलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी वाकायामा येथे जतन केलेली आहे.

दात भरण्याच्या साहित्यावरून झालेला वादही असाच तीव्र होता. चांदीचा चुरा आणि पारा यांचे मिश्रण, म्हणजेच अमाल्गम, १८३३ मध्ये युरोपातून अमेरिकेत पोहोचले. ते स्वस्त होते आणि झटपट भरता येत असे, पण सुरुवातीची मिश्रणे घट्ट होताना फुगत व कधी दातच फोडत. शिवाय पाऱ्याच्या विषारीपणाची भीती होतीच. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यचिकित्सक संघाने आपल्या सदस्यांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. ज्यांनी ती नाकारली त्यांना काढून टाकण्यात आले. हा वाद ‘अमाल्गमचे युद्ध’ म्हणून ओळखला जातो आणि त्यातच १८५६ मध्ये तो संघ विसर्जित झाला. पुढे १८९० च्या दशकात ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी चांदी, कथील व इतर धातूंचे प्रमाण निश्चित करून न फुगणारे अमाल्गम सिद्ध केले. पोकळ्यांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही शिकवले जाते. मात्र पुढील किडीला वाव राहू नये म्हणून पोकळीभोवतीचा चांगला भागही कोरावा, ही त्यांची शिकवण आता मागे पडली आहे.

दात कोरण्याचे यंत्रही टप्प्याटप्प्याने सुधारले. जेम्स मॉरिसन यांनी १८७१ मध्ये शिवणयंत्राप्रमाणे पायाने चालणारे यंत्र आणले, लवकरच विजेवर चालणारे यंत्र आले, आणि १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांच्या हवेच्या दाबावर फिरणाऱ्या टर्बाइनने मिनिटाला अडीच लाखांहून अधिक फेऱ्यांचा वेग गाठला. दंतवैद्याच्या खोलीतील तो परिचित किणकिणाट या टर्बाइनचा आहे. तो आवाज भीतिदायक वाटत असला तरी वेग वाढल्यानेच दाताला बसणारे हादरे कमी झाले. वेदनाशमनातही दंतवैद्यच अग्रेसर होते. होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा, तर विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये ईथरचा उपयोग केला. आज दिले जाणारे हिरडीतील इंजेक्शन बहुधा लिग्नोकेनचे असते. हे औषध १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले.

दात भरणे

किडलेला भाग काढून पोकळी स्वच्छ करणे आणि ती योग्य पदार्थाने बुजवणे यास दात भरणे म्हणतात. सगळी कीड खरवडून काढलीच पाहिजे असा पूर्वी आग्रह असे. आता कीड गाभ्याच्या अगदी जवळ पोहोचली असेल तर कडेचा भाग पूर्ण स्वच्छ करून तळाशी थोडे मऊ दंतिन मुद्दाम राहू देतात. वरून भराव घट्ट बसला की जिवाणूंचे अन्न तुटते व कीड थांबते. गाभा उघडा पडून रूट कॅनाल करण्याची वेळ त्यामुळे अनेकदा टळते.

बोलीत ‘चांदी भरणे’ म्हणतात ते अमाल्गम होय. नावात चांदी असली तरी त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो व उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे असते. दाढांवर ते वर्षानुवर्षे टिकते. त्याचे दोष दोन. ते दाताला चिकटत नाही, त्यामुळे ते अडकून राहावे म्हणून पोकळी आत रुंद कोरावी लागते, आणि त्याचा रंग काळपट होतो. घट्ट झालेल्या अमाल्गममधून निघणारी पाऱ्याची वाफ अत्यल्प असते व तिच्यामुळे सर्वसामान्य रुग्णाला अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून जुनी, चांगली टिकलेली चांदी केवळ भीतीने काढून घेण्याचे कारण नाही. उलट ती काढतानाच वाफ अधिक सुटते. खरा प्रश्न पर्यावरणाचा आहे. २०१३ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०१७ मध्ये अमलात आलेल्या पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारानुसार सदस्य देश अमाल्गमचा वापर कमी करत आहेत. भारताने या करारास २०१८ मध्ये मान्यता दिली. दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम वापरू नये, असे करारातील पुढील निर्णयांत ठरले आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून तो जवळजवळ बंद केला.

दाताच्या रंगाचे काँपोझिट म्हणजे राळ आणि काचेचे सूक्ष्म कण यांचे मिश्रण. दाताला ते चिकटावे कसे, हा प्रश्न मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये सोडवला. दंतवल्कावर काही सेकंद फॉस्फोरिक आम्ल लावल्यास पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी खडबडीत होतो आणि पातळ राळ त्या खाचांत शिरून घट्ट बसते. १९६० च्या दशकात रफायल बोवेन यांनी योग्य राळ शोधली आणि पुढे निळ्या प्रकाशाने ती हवी तेव्हा घट्ट करता येऊ लागली. काँपोझिट भरताना दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो व ते थराथराने भरावे लागते. त्यामुळे वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. लाळ लागली तर उत्तम काँपोझिटही कडेने सुटते.

‘सिमेंट भरणे’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ बहुधा ग्लास आयोनोमर असतो. तो इंग्लंडमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधला व १९७२ च्या सुमारास प्रचारात आला. तो दाताला रासायनिक रीतीने चिकटतो आणि त्यातून फ्लोराइड सुटत राहते, पण चावण्याच्या दाबाखाली तो काँपोझिटपेक्षा लवकर झिजतो. वीज आणि यंत्रे नसलेल्या ठिकाणी याच पदार्थाने दंतवैद्यकाला नवी वाट दिली. १९८० च्या दशकात टांझानियात केवळ हाताच्या उपकरणांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत विकसित झाली. शाळेच्या ओट्यावर मुलाला आडवे निजवूनही ती वापरता येते. बहुतेकदा इंजेक्शनही लागत नाही.

किडीवर लावण्याचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध भोक बुजवत नाही, पण कीड थांबवते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. अतिलहान मुले आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्याबाबत हा सौदा पुष्कळदा परवडतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर आणि हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

कोणताही भराव कायमचा नसतो. तो बदलताना दर वेळी थोडा चांगला दातही कोरला जातो, भराव मोठा होतो, मग रूट कॅनाल, मग कॅप आणि शेवटी दात काढणे असा प्रवास घडतो. विशीत भरलेल्या लहानशा पोकळीची अखेर साठीत दात जाण्यात होते ती या मार्गाने. त्यामुळे अनावश्यक भराव न करणे आणि जुना भराव दुरुस्त होत असेल तर तो पूर्ण न काढणे याकडे आता कल आहे.

दातामुळाचा उपचार (रूट कॅनाल)

कीड गाभ्यापर्यंत पोहोचली की गाभ्याला सूज येते. चारही बाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून दातदुखी असह्य होते. थंड लागल्यावर क्षणभर कळ येऊन थांबत असेल तर गाभा वाचण्याची आशा असते. कळ मिनिटे-मिनिटे टिकत असेल, गरमाने वाढत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर गाभा बहुधा वाचत नाही. पुढे एखाद्या दिवशी ठणका आपोआप थांबतो व रुग्णाला बरे वाटते. प्रत्यक्षात गाभा मेलेला असतो आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी हाडात पसरू लागलेला असतो. या टप्प्यावर केवळ प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन भागत नाही, कारण मृत गाभ्यात रक्तपुरवठाच नसल्याने औषध तेथे पोहोचत नाही. गळू गालाखाली, गळ्याकडे पसरून तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे कठीण झाले तर तो जिवावरचा प्रसंग असतो व रुग्णालयात तातडीने उपचार करावे लागतात.

उपचारात दाताला भूल देऊन वरून छिद्र पाडतात, रबराच्या पातळ पडद्याने दात वेगळा करतात, आणि बारीक फाइलींनी मुळातील नळ्या साफ करून त्या सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. पुढच्या दातांत बहुधा एक नळी असते. खालच्या दाढेला सहसा दोन मुळे आणि तीन किंवा चार नळ्या असतात. एखादी नळी नजरेतून सुटली तर उपचार फसतो, म्हणून क्ष-किरण चित्रे पुनःपुन्हा घ्यावी लागतात. स्वच्छ नळ्या गटापर्चाने भरतात. गटापर्चा हा मलय द्वीपकल्पातील झाडांचा चीक आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी यांनी तो १८४३ मध्ये सिंगापूरहून पाश्चात्त्यांच्या नजरेस आणला. समुद्राखालून टाकलेल्या पहिल्या तारयंत्राच्या तारांवरचे वेष्टनही याच चिकाचे होते.

रूट कॅनाल झाल्यावर दुखणे थांबते आणि पुष्कळ रुग्ण पुढच्या भेटीला जातच नाहीत. आतून पोकळ झालेली दाढ चावताना मधोमध चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून पर्याय राहत नाही. दाढांवर कॅप बसवेपर्यंत हा उपचार अपुराच समजला पाहिजे.

कॅप

भिंती कमकुवत झालेल्या दाताला सर्व बाजूंनी झाकणाऱ्या आवरणास बोलीभाषेत कॅप म्हणतात. त्यासाठी दात सर्व अंगांनी थोडा घासून लहान करतात, त्याचे माप घेतात आणि प्रयोगशाळेत बनवलेली कॅप सिमेंटने चिकटवतात. विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये मेणाच्या साच्यावरून सोने ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली. मूर्तिकार ओतीव मूर्ती घडवतात तेच तंत्र येथे नखाएवढ्या वस्तूसाठी वापरले गेले. पुढे धातूवर पोर्सलेन चढवलेल्या आणि अलीकडे झिर्कोनियाच्या कॅप आल्या. १९८५ मध्ये झुरिक येथे संगणकाच्या साह्याने दाताचे चित्र घेऊन तेथल्या तेथे सिरॅमिक कोरून काढण्याचा पहिला प्रयोग रुग्णावर झाला. दुधाच्या दाढांसाठी तयार मिळणाऱ्या स्टीलच्या कॅप दिसायला चांगल्या नसल्या तरी फार उपयुक्त असतात.

ब्रिज आणि कवळी

एक दात गेला की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात व समोरच्या जबड्यातील दात खाली उतरू लागतो. ब्रिजमध्ये गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप बसवून त्यांच्या आधाराने मधला कृत्रिम दात तोलतात. उपचार थोड्या दिवसांत पुरा होतो, पण त्यासाठी शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागतात.

अनेक किंवा सर्व दात गेल्यास कवळी बसवतात. हस्तिदंताच्या काळात कवळी ही श्रीमंतांचीच वस्तू होती. गुडइयर कुटुंबाने शोधलेल्या कठीण रबरामुळे ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सामान्यांच्या आवाक्यात आली. अमेरिकेत त्याचे पेटंट असलेल्या कंपनीने दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल केले आणि न देणाऱ्यांवर खटले भरले. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांची १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सॅम्युअल चॅलफंट या दंतवैद्याने गोळी घालून हत्या केली. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली. १९३० च्या दशकात आलेल्या ॲक्रिलिकने रबराची जागा घेतली आणि आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात.

वरची कवळी टाळूवर पसरलेली असल्याने लाळेच्या पातळ थरामुळे घट्ट धरून राहते. खालच्या कवळीला आधार देणारे हाड अरुंद असते आणि जीभ तिला सतत हलवते, त्यामुळे तक्रारी बहुतेक खालच्या कवळीच्याच असतात. कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या मानाने बरीच कमी असते. दात गेलेल्या जागचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, म्हणून एकदा नीट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते व तिला आतून अस्तर द्यावे लागते. रात्री ती काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी लागते. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. तोंडातच ठेवून झोपल्यास टाळूवर बुरशीचा संसर्ग होतो. सैल कवळीमुळे वृद्ध माणसे भाकरी, फळे, शेंगदाणे, कोशिंबीर सोडून मऊ भात आणि चहा-बिस्किटांवर राहू लागतात. घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो, आणि कुपोषणाचे कारण ताटात नसून तोंडात आहे हे लक्षात येत नाही.

शहरांच्या पदपथांवर बसून स्वस्तात दात बसवून देणारे भारतात पूर्वीपासून आहेत. ते ॲक्रिलिकचा ओला लगदा थेट हिरडीवर लावून कृत्रिम दात शेजारच्या दातांना कायमचा जखडतात. घट्ट होताना तो लगदा तापतो व हिरडी भाजते. पुढे त्याखाली अन्न साचून आधाराचे चांगले दातही हलू लागतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाते ते अज्ञानापेक्षा बहुधा पैशाच्या अडचणीमुळे, हेही तितकेच खरे आहे.

दंतरोपण (इम्प्लांट)

स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनमार्क १९५२ मध्ये सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोगानंतर हाडात बसवलेले टायटॅनियमचे कोष काढताना ते निघेनात. हाड धातूशी एकजीव झाले होते. या निरीक्षणातून त्यांनी १९६५ मध्ये गोटेनबर्ग येथे योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची चार मुळे बसवली. ती लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ टिकली. १९८२ मध्ये टोरांटो येथील परिषदेनंतर या पद्धतीला जगभर मान्यता मिळाली.

रोपणात जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. हाड त्याच्याशी एकजीव होण्यास साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात व नंतर त्यावर कॅप चढवतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र रोपणाला कीड लागत नसली तरी त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड यांना सूज येऊन ते सैल होऊ शकते. धूम्रपान, नियंत्रणात नसलेला मधुमेह आणि अस्वच्छता ही त्याची मुख्य कारणे आहेत. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे घेणाऱ्यांनी ती दंतवैद्याला आधी सांगणे आवश्यक असते. नैसर्गिक दाताभोवतीचा तंतूंचा पडदा रोपणाला नसल्याने दाब तितका सूक्ष्म जाणवत नाही व कॅप तुटण्याचा संभव राहतो. वाढत्या वयातील मुलांना रोपण करत नाहीत, कारण जबडा वाढतो आणि रोपण जागचे हलत नाही. सर्व दात गेलेल्यांच्या खालच्या जबड्यात दोनच रोपणे बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवण्याची पद्धत खर्चाच्या मानाने फार उपकारक ठरली आहे.

अपघाताने निखळलेला दात

मैदानावर पडून मुलाचा कायमचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला तर तो पुन्हा बसवता येतो. दात मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलतात. माती लागली असेल तर काही सेकंदच धुतात, घासत नाहीत, आणि शक्य असल्यास लगेच त्याच्या खोबणीत परत बसवून स्वच्छ रुमाल चावायला देतात. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचणे हिताचे असते. कोरड्या कागदात किंवा कापसात गुंडाळल्यास मुळावरच्या पेशी मरतात, आणि साध्या पाण्यात ठेवल्यानेही तेच होते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, कारण त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होण्याची भीती असते.

भारतातील शिक्षण आणि सेवा

भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात सुरू केले. मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालयाचा आरंभ १९३३ मधला आहे. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. व्यवसायाचे नियमन १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने होऊ लागले. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. दातामुळाचे उपचार व भराव यांची एक आणि कॅप, ब्रिज, कवळी यांची दुसरी अशा पदव्युत्तर पदवीच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे रोग आहेत आणि सुमारे २०० कोटी लोकांच्या कायमच्या दातांत कीड आहे. भारतात दंतोपचारांचा बहुतेक खर्च रुग्ण स्वतःच्या खिशातून करतो आणि आरोग्य विम्यात असे उपचार सहसा धरलेले नसतात. दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत हेच उपचार शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी करतात. तेथे खेपा अधिक घालाव्या लागतात, पण खासगी दवाखान्याच्या मानाने खर्च पुष्कळच कमी येतो.